व्हेनिसचं बिएनाले बघायला जाताना
कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारकात मी अर्ध्या तासात प्रदर्शन बघून बाहेर पडतो. त्याच सवयीनं व्हेनिसला गेलो आणि दुपारीच थकलो. बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं, देशोदेशींच्या कलेचं मोठं प्रदर्शन. त्याला दोन दिवस द्याच: एक जार्दिनीच्या बागेला, एक आर्सेनालेच्या जुन्या जहाजकारखान्याला. साध्या तिकिटावर दोन्हीकडं एकेकदा जाता येतं, वेगवेगळ्या दिवशी गेलं तरी चालतं. सोमवारी बहुधा बंद. शहरातल्या जुन्या वाड्यांतली अनेक देशांची दालनं फुकट असतात. तिथल्या शांततेत मला सगळ्यात जास्त मिळालं. एखाद्या व्हिडिओपुढं शेवटपर्यंत बसा, वीस कलाकृती सुटल्या तरी चालतील. पायात मुरलेली चप्पल घाला, नवी कोरी कोल्हापुरी नको. कलेचं बिएनाले सध्या सम वर्षी भरतं. जर्मनीत कासेल शहरातलं डॉक्युमेंटा हे असंच मोठं कलाप्रदर्शन मात्र पाच वर्षांनी, शंभर दिवस. पुढचं २०२७ मध्ये.