दोन तास वाचायला बसण्यापूर्वी अवधानाची तयारी कशी करावी

पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी असो किंवा रात्रीची जेवणे आटोपल्यावर पुस्तक उघडणारी नोकरदार व्यक्ती असो, दोन तास बसूनही वीसच मिनिटांचे वाचन पदरात पडले अशी तक्रार दोघांचीही असते आणि दोघेही त्याचा दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला देतात. माझ्या मते हा दोष बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी दिलेला असतो. डोळे, कान, त्वचा आणि स्मृती यांच्याकडून एका क्षणी मेंदूकडे जे येते त्यातील फारच थोडे पुढील विचारासाठी घेतले जाते. ही निवड म्हणजेच अवधान. ती कोणत्या बाजूने झुकणार हे बरेचसे वाचनाला बसण्यापूर्वीच ठरलेले असते, म्हणून तयारीही तेव्हाच करावी.

सर्वप्रथम, आजच्या वाचनातून काय शोधायचे आहे ते प्रश्नाच्या रूपात कागदावर लिहावे. ‘महसूल पद्धती वाचायची’ हा प्रश्न नव्हे. ‘रयतवारीत सारा कोण भरत असे आणि त्याचा दर कशावरून ठरत असे?’ हा प्रश्न आहे. मॉरिझिओ कॉर्बेटा आणि गॉर्डन शुलमन या मेंदू-संशोधकांनी 2002 मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार मेंदूत अवधानाच्या दोन यंत्रणा आहेत. एक आपल्या हेतूनुसार चालते आणि हव्या असलेल्या गोष्टीचे चित्र तयार ठेवून समोरच्या गोष्टी त्याच्याशी ताडून पाहते. दुसरी, प्रामुख्याने उजव्या बाजूची, अनपेक्षित पण महत्त्वाचे काही घडले की पहिलीचे काम मध्येच तोडते. पहिल्या यंत्रणेला शोधायचे चित्रच दिले नाही, तर नजर ओळींवरून फिरत राहते आणि निवड होत नाही. गर्दीच्या फलाटावर आपल्या माणसाला शोधताना त्याच्या सदऱ्याचा रंग माहीत असला की काम किती हलके होते, हे आठवून पाहावे.

मात्र प्रश्नाला एक किंमत मोजावी लागते. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या 1999 च्या प्रसिद्ध प्रयोगात चेंडू किती वेळा फेकला गेला हे मोजणाऱ्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातील माणूस दिसला नाही. प्रश्नाबाहेरचे मोठे मुद्देही असेच निसटू शकतात. त्यामुळे प्रश्न धरून वाचून झाल्यावर तेच प्रकरण प्रश्न बाजूला ठेवून एकदा भरभर चाळावे, कारण परीक्षक आपल्या प्रश्नांना बांधलेला नसतो.

आता दुसऱ्या यंत्रणेचा बंदोबस्त करावा. भिंतीकडे तोंड करून आणि दार नजरेच्या कडेला येणार नाही असे बसावे, कारण कडेला झालेली हालचाल नजर आपोआप ओढून घेते. पंख्याची एकसारखी घरघर सहसा आड येत नाही. बोलणे मात्र येते, कारण त्याचा आवाज सतत बदलतो आणि त्यातील शब्द आपण वाचत असलेल्या शब्दांशी स्पर्धा करतात. वाचताना गाणी ऐकण्याची सवय असेल तर निदान शब्द असलेली गाणी टाळावीत. कॉलिन चेरी यांच्या 1953 च्या प्रयोगात दोन कानांत वेगवेगळे बोलणे ऐकवले होते; त्यात एका कानातील बोलणे मोठ्याने पुन्हा म्हणणाऱ्यांना दुसऱ्या कानात काय सांगितले गेले हे सांगता येत नव्हते, परंतु पुरुषाचा आवाज स्त्रीचा झाला हे मात्र कळत होते. पुढे 1959 मध्ये नेव्हिल मोरे यांना आढळले की दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येते. गाळणी लावली तरी तिच्यातून काही ना काही झिरपतेच. फोनची सूचना हे जणू आपल्याला मारलेली हाकच असते, आणि ती उघडून न पाहताही हातातील कामातील चुका वाढतात असे 2015 मधील एका प्रयोगात दिसले. फोन उलटा करून शेजारी ठेवणे त्यामुळे पुरेसे नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवावा.

बाहेरची हाक थांबली की आतली सुरू होते. सिलिंडर सांगायचा आहे, बहिणीला फोन करायचा आहे, असे विचार येऊ लागले की ते शेजारच्या कागदावर वेळेसह लिहावेत: ‘सिलिंडर, उद्या सकाळी नऊ वाजता’. अपुऱ्या कामाची ठोस योजना केली की त्याची मनातील टोचणी कमी होते, असे मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवले. नुसते ‘सिलिंडर’ एवढेच लिहिल्याने ते साधणार नाही.

सावध अवस्था फार काळ टिकत नाही. लग्नात अंतरपाट दूर होण्याआधी म्हणतात तो किंवा कवायतीतील ‘सावधान’ हा शब्द याच अवधानापासून आला आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो थोड्या वेळापुरताच असतो, हे मला अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या नजरेतून खुणा का निसटतात, हा प्रश्न नॉर्मन मॅकवर्थ यांच्यापुढे होता. त्यांनी घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा क्वचित दुप्पट उडी मारेल अशी व्यवस्था करून लोकांना दोन तास बसवले, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासानंतरच निसटणाऱ्या उड्या वाढल्या. म्हणून पंचवीस ते तीस मिनिटांनी उठावे. पंचवीस मिनिटे हा काही निसर्गनियम नाही. अवघड गणितात मन रंगले असेल तर घड्याळाकडे पाहू नये. उठण्यापूर्वी मात्र ‘येथपर्यंत आलो, पुढे हे पाहायचे’ अशी एक ओळ लिहावी, कारण अर्धवट सोडलेल्या कामाचा अंश पुढच्या कामात रेंगाळतो.

एवढे करूनही मन भटकेल. 2010 मधील एका अभ्यासात 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून विचारले असता सुमारे 47 टक्के वेळा त्यांचे मन हातातील कामाबाहेर होते. भटकल्याचे लक्षात आले की कागदाच्या कडेला एक बारीक खूण करून जेथे अर्थ सुटला त्या परिच्छेदाच्या आरंभी जावे. स्वतःवर चिडणे हे आणखी एक भटकणेच आहे. एका पानात चार-पाच खुणा होऊ लागल्या, तर प्रश्न फार ढोबळ आहे किंवा झोप अपुरी आहे, असे समजावे.

झोपेबाबत स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चौदा दिवस रोज सहा किंवा त्याहून कमी तास झोपलेल्यांची अवधानाची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली होती, तरी स्वतःची झोपाळूपणाची जाणीव त्या मानाने फारशी वाढलेली नव्हती. कडेच्या खुणा वाढू लागल्या आणि रात्रीचे साडेअकरा वाजून गेले असतील, तर पुढे काय पाहायचे ती ओळ लिहून पुस्तक मिटावे आणि सकाळी त्याच ओळीपासून सुरुवात करावी.