क्रॅश ट्रक भाड्याने घेताय? आज रात्रीच त्याला धडक बसणार आहे असं धरून घ्या

न्यू जर्सीत हायवेच्या कामांवर असलेल्या आपल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय, खास करून ज्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढलीये, सबकॉन्ट्रॅक्टवर पॅचिंग, गार्डरेल, पुलाचे जॉइंट, लाइटचे खांब असली कामं घेतात आणि ज्यांच्याकडे स्वतःचा क्रॅश ट्रक नाहीये. महिन्याभरात दोघांचे फोन आले आणि दोघांचा पहिला प्रश्न एकच, "दादा, क्रॅश ट्रकचा दिवसाचा रेट काय चाललाय?" रेट सगळ्यात शेवटी विचारा. आधी बाकीचं बघा, कारण यार्डात उभे असलेले सगळे ट्रक दिसायला सारखेच असतात, पिवळे-काळे पट्टे, वर अ‍ॅरो बोर्ड (दिव्यांच्या बाणाचा फलक), मागे उभी घडी केलेलं कुशन, आणि फरक कळतो तो धडक बसल्यावर.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. वजनदार ट्रकच्या मागे चेपलं जाणारं एक कुशन बसवलेलं असतं, कागदोपत्री त्याला टीएमए म्हणतात, आणि इथल्या डीओटीच्या (राज्याच्या वाहतूक खात्याच्या) बिलात "ट्रॅफिक कंट्रोल ट्रक विथ माउंटेड क्रॅश कुशन" अशी वेगळी आयटमच असते. हा ट्रक आपल्या माणसांच्या मागे, ज्या बाजूने ट्रॅफिक येतं तिकडे तोंड करून नाही तर पाठ करून उभा राहतो. कोणी झोपेत, दारू पिऊन किंवा फोन बघत बंद लेनमध्ये घुसलं तर ती गाडी आपल्या पोरांवर न जाता कुशनवर आदळते, कुशन चेपत जातं आणि गाडीतला माणूसही वाचायची शक्यता खूप वाढते. हे दुसरं लोक विसरतात. अमेरिकेत वर्क झोनमध्ये अलीकडे वर्षाला आठशे-नऊशेच्या आसपास माणसं जातात आणि त्यातले बहुतेक कामगार नसतात, गाड्यांमधले लोक असतात.

मी स्वतः एकदाच धडक जवळून बघितलीये. आय-२८७ वर उजव्या दोन लेन बंद होत्या, रात्रीचे पावणेदोन, आणि एक पिकअप कोन उडवत सरळ आत आला, ब्रेक लागल्याचा आवाज नाही काही नाही, फक्त एक जाड धप्प आणि मग पत्रा चुरगळल्याचा लांबलेला आवाज. आम्ही पळत गेलो तर ड्रायव्हर एअरबॅगच्या पांढऱ्या भुकटीने माखलेला, स्वतःच दार उघडून खाली उतरत होता. कुशन आधीच्या निम्म्याहून कमी लांबीचं झालं होतं. पार्किंग ब्रेक लावलेला असूनही आमचा ट्रक पुढे सरकला होता, रस्त्यावर मागच्या चाकांच्या दोन काळ्या रेघा होत्या, फोरमनने टेप लावून मोजलं, १९ फूट. आमची माणसं ट्रकच्या पुढे १८० फुटांवर होती. त्या रेघा बघितल्यापासून मी ट्रक भाड्याने घेताना एकच गोष्ट धरून चालतो, की याला आजच धडक बसणार आहे.

तर पहिली गोष्ट रस्त्याचा स्पीड. कुशनची टेस्ट मॅश नावाच्या निकषांवर होते आणि आपल्या कामाच्या लेव्हल दोन, टीएल-२ म्हणजे तासाला ७० किलोमीटर (साधारण ४४ मैल) आणि टीएल-३ म्हणजे १०० किलोमीटर (६२ मैल). ही टेस्ट ११०० किलोची छोटी कार आणि २२७० किलोचा पिकअप आदळवून करतात. गावातल्या ३० मैलांच्या रस्त्यावर टीएल-२ चालतं, पण ४५ मैलांच्या पुढे पोस्टेड स्पीड (पाटीवरची मर्यादा) असेल तर टीएल-३ शिवाय घेऊ नका, स्वस्त मिळतंय म्हणून तर अजिबात नको, रात्री मोकळ्या रस्त्यावर पोस्टेड स्पीड कोणी पाळत नाही हे आपल्याला माहितीये. कुशनवरची प्लेट वाचा, मॉडेल, सीरियल नंबर आणि बनवल्याची तारीख. ३१ डिसेंबर २०१९ नंतर बनवलेलं असेल तर ते मॅश २०१६ लाच पास झालेलं पाहिजे. त्याआधी बनवलेली, मॅशच्या आधीच्या, ३५० रिपोर्ट नावाच्या निकषांवर पास झालेली कुशन आयुष्य संपेपर्यंत वापरता येतात, पण तुमच्या कामाचं स्पेक काय म्हणतं ते रेसिडेंट इंजिनियरकडून ईमेलवर लिहून घ्या, तोंडी नको.

आणि एक गोष्ट पोरांना टूलबॉक्स मीटिंगमध्ये, म्हणजे काम सुरू करायच्या आधीच्या छोट्या मीटिंगमध्ये, स्पष्ट सांगा. लोड भरलेला सेमी ८०,००० पौंडांचा असतो, म्हणजे टेस्टमधल्या पिकअपच्या जवळजवळ सोळा पट. त्याच्यासाठी हे कुशन टेस्ट केलेलंच नाही. मागे क्रॅश ट्रक आहे म्हणून पाठ करून निवांत उभं राहायचं नाही.

दुसरी गोष्ट ट्रकचं वजन, आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. धडकेनंतर ट्रक किती पुढे जाईल ते त्याच्या वजनावर ठरतं, हलका ट्रक लांब ढकलला जातो, म्हणून पुढे सोडायची मोकळी जागा, ज्याला इथे रोल अहेड म्हणतात, ती वजन आणि स्पीड बघून काढतात. हायवेच्या स्पीडला ही जागा साधारण दीडशे ते सव्वादोनशे फुटांच्या घरात येते, ट्रक उभा आहे की चालता आहे त्यावरही बदलते, तुमच्या प्लॅनमधला तक्ता बघा. या जागेत माणूस, जनरेटर, मटेरियलची पॅलेट, कूलर, काहीही ठेवायचं नाही. उलट जागा फार मोठीही ठेवू नका, नाहीतर एखादी गाडी ट्रकला वळसा घालून मधल्या फटीतून आत शिरते. भाड्याच्या कंपनीला विचारायचं ते हे, की "ट्रक आत्ता आहे तसा काट्यावर किती भरतो आणि कुशन बनवणाऱ्याने कमीत कमी किती वजन मागितलंय?" वजन वाढवायला प्लेट किंवा काँक्रीटचे ब्लॉक टाकले असतील तर ते बोल्टने चेसिसला बांधलेले आहेत ना ते वाकून बघा. एका यार्डात मला वाळूच्या गोण्या नुसत्या मागे रचलेल्या दिसल्या होत्या, धडकेत त्या जागेवरून सुटल्या असत्या, मी तो ट्रक घेतला नाही.

वजनाला लागूनच लायसन्सचा विषय येतो. जीव्हीडब्ल्यूआर (ट्रकचं मालासकट कमाल मान्य वजन) २६,००० पौंड किंवा त्याखाली असेल तर सीडीएल (जड गाड्यांचं कमर्शियल लायसन्स) लागत नाही, २६,००१ पासून लागतं. भाड्याचे बरेचसे ट्रक म्हणूनच बरोबर २६,००० वर बनवलेले असतात. तुमच्याकडे सीडीएलवाला माणूस नसेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, संध्याकाळी सात वाजता यार्डात कळलं तर ती रात्र गेली. आणि ट्रक साइटवर कुठल्या रस्त्याने न्यायचा ते आधी ठरवा. गार्डन स्टेट पार्कवेवर एक्झिट १०५ च्या उत्तरेला ७,००० पौंडांपेक्षा जड गाड्यांना बंदी आहे, पलीकडे न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर पूल इतके खाली आहेत की उभं घडी केलेलं कुशन नक्की अडकेल. फोनवरचा कारचा मॅप ट्रकला वापरू नका, घडी केल्यावरची उंची केबिनमध्ये मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा.

आता यार्डातली तपासणी. दिवसाउजेडी जा, अर्धा तास लागतो. कुशन तुमच्यासमोर पूर्ण खाली करून परत वर घ्यायला सांगा, एकदा नाही दोनदा, आणि हायड्रॉलिकच्या सिलिंडरखाली तेलाचा ओलावा येतोय का ते टिश्यू लावून बघा. प्रत्येक पिन हाताने चाचपा आणि तिच्या टोकाला क्लिप आहे का बघा, एका ट्रकला क्लिपच्या जागी बाइंडिंग वायर गुंडाळलेली मला सापडली होती. कोपरे चेपलेले, वेल्ड तडकलेला, आधीच्या छोट्या धडकेनंतर नुसता रंग मारलेला, असं काही असेल तर नको म्हणा. कुशनची जमिनीपासूनची उंची मॅन्युअलप्रमाणे आहे का ते टेपने मोजा, कारण फार वर असेल तर छोटी कार खाली घुसते. मग अ‍ॅरो बोर्ड, हायवेला टाइप सी लागतो, ९६ बाय ४८ इंचाचा, तो एक मैलावरून वाचता आला पाहिजे, सगळे दिवे लागतात का, उजवा डावा बाण आणि कॉशन मोड (बाण न दाखवता नुसता सावधानतेचा इशारा) तिन्ही चालतात का ते लांब जाऊन बघा. सीटबेल्ट, हेडरेस्ट, बॅकअप अलार्म हेही. शेवटी चारही बाजूंनी फोटो आणि एक व्हिडिओ, तारखेसकट.

विम्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः पैसे भरलेत. पहिल्यांदा भाड्याने घेतला तेव्हा डॅमेज वेव्हर (जास्तीचे पैसे भरून घेतलेली नुकसानभरपाईची माफी) घेतला होता, वाटलं झालं, सगळं कव्हर आहे. धडकेनंतर बिल आलं तेव्हा कळलं की वेव्हरमध्ये ट्रक होता आणि कुशन बारीक अक्षरात वगळलेलं होतं, म्हणजे जी वस्तू चेपायलाच बनवलीये तीच कव्हरमध्ये नाही! वर दुरुस्तीच्या अकरा दिवसांचं भाडंही लावलं. त्यांचं चुकलं असं मी अजूनही म्हणतो, पण सही माझी होती. तेव्हा सही करायच्या आधी ईमेलवर चार उत्तरं घ्या: कुशन वेव्हरमध्ये आहे का, दुरुस्ती चालू असताना भाडं थांबतं का, बदली ट्रक किती तासांत आणि रात्री-रविवारी मिळतो का, आणि धडक देणाऱ्याच्या विम्याकडून वसुली कोण करणार. मग तुमच्या इन्शुरन्स एजंटला अ‍ॅग्रीमेंटच पाठवा आणि भाड्याच्या गाडीचं फिजिकल डॅमेज कुशनच्या किमतीसकट कव्हर करून सर्टिफिकेट मागा.

आता रेट. महिना म्हणजे बहुतेक ठिकाणी २८ दिवस, कॅलेंडरचा महिना नाही. दिवसाचा रेट किती तासांचा, जास्त तासांना काय, मैलांची मर्यादा, पोचवायचे-न्यायचे पैसे, पावसाने काम रद्द झालं तर काय, हे विचारा. ऑपरेटरसकट घेतला तर महाग वाटतं पण माणूस सरावलेला मिळतो, फक्त सरकारी कामावर त्याला प्रिव्हेलिंग वेज (सरकारी कामासाठी ठरवून दिलेली मजुरी) लागू आहे का आणि ते रेटमध्ये धरलंय का ते बघा. उन्हाळ्यात सगळ्यांची कामं एकदम निघतात, एप्रिलच्या आधीच बोलून ठेवा. लेन सकाळी वेळेत उघडली नाही तर डीओटी पैसे कापते, म्हणून बदली ट्रकचं कलम मला पन्नास डॉलरच्या सवलतीपेक्षा मोलाचं वाटतं.

साइटवर क्रॅश ट्रक सगळ्यात आधी कामाला लागतो, कारण कोन लावणं आणि उचलणं हेच सगळ्यात धोक्याचं. फ्रीवेवर सूचनेच्या पाट्या १०००, १५०० आणि २६४० फुटांच्या अंतराने, ६५ मैलांच्या स्पीडला १२ फुटी लेन बंद करायला टेपर (कोनची तिरकी रांग) ७८० फूट, आणि बफर (त्यापुढची मोकळी जागा) ६४५ फूट. कुशन पूर्ण खाली असेल तरच ते कुशन आहे, घडी केलेलं असेल तर काही उपयोग नाही. चालत्या कामात ड्रायव्हर एकटाच, बेल्ट लावून, डोकं हेडरेस्टला टेकवून. ट्रक एका जागी उभा राहणार असेल तर ब्रेक लावून ड्रायव्हरने उतरून ट्रॅफिकपासून लांब जायचं, केबिनमध्ये बसून डबा खायचा नाही, हे मला प्रत्येक नव्या माणसाला सांगावं लागतं. शोल्डरवर (रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर) काम असेल आणि लेन बंद नसेल तर बोर्ड कॉशनवर, बाण नाही.

धडक बसलीच तर आधी ९११, मग फोटो, पोलिसांचा रिपोर्ट नंबर, समोरच्याचा विमा, आणि तासाभरात भाड्याच्या कंपनीला लेखी कळवा. चेपलेल्या कुशनमागे काम पुढे चालू ठेवायचं नाही, बदली ट्रक येईपर्यंत माणसं बाहेर.

गावी गेलो की एक्स्प्रेसवेवर बंद पडलेल्या ट्रकमागे तोडलेली फांदी आणि चार दगड मांडलेले दिसतात, मधल्या दुभाजकात झाडांना पाणी घालणारी माणसं दिसतात, आणि माझा हात आपोआप ड्रायव्हरच्या खांद्यावर जातो की हळू घे रे. तिकडे काम करणारे कोणी वाचत असतील तर आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) एसपी-५५ हे मार्गदर्शक पुस्तक वर्क झोनसाठीच आहे, टेंडर भरायच्या आधी ते काढून बघा, आणि मागे संरक्षणाचा ट्रक ठेवायचा खर्च स्वतःहून कोटेशनमध्ये धरा.

कंपनीला मी पाठवतो तो मेसेज असा असतो, हाच उचला आणि आकडे बदला: "आय-२८७, पोस्टेड ६५, रात्री ९ ते ५, उजवी लेन, चौदा रात्री. मॅश २०१६ टीएल-३ कुशन, टाइप सी बोर्ड, जीव्हीडब्ल्यूआर २६,००० च्या आत. काट्यावरचं वजन, प्लेटचा फोटो, वेव्हरची पूर्ण प्रत आणि बदली ट्रकची वेळ कळवा. ट्रक बघायला गुरुवारी दुपारी येतो."