सरांच्या बरण्या आधी, शोकसभा नंतर

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा लॅब असिस्टंट. आमचे सर ठाणे खाडीच्या चिखलातल्या जिवांवर काम करायचे: पॉलिकीट कृमी, गोगलगायी, बारके शिंपले. पन्नाशीही गाठली नव्हती आणि हृदयविकारानं गेले. तुमच्या विभागातला असा माणूस गेला तर काय करायचं, ते मी हातांनी केलेल्या कामावरून सांगतो.

पहिलं काम बरण्यांचं. शोकसभा चार दिवस थांबते, बरणीतलं अल्कोहोल थांबत नाही. सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल झाकणाच्या फटीतून उडत राहतं, आणि एकदा वाळलेला कृमी नीट ओळखता येण्याजोगा उरत नाही. कपाट उघडा, प्रत्येक बरणीची पातळी बघा, कमी असेल तिथे भरा. फॉर्मलिनमध्ये गोगलगायी किंवा शिंपले राहिले असतील तर ते आधी बाहेर काढा; फॉर्मलिन आम्लधर्मी होत जातं आणि कवच खाऊन टाकतं. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

मग चिठ्ठ्या. साध्या शाईची चिठ्ठी अल्कोहोलमध्ये पुसली जाते, पेन्सिलीची टिकते. ती बरणीच्या आत हवी, कारण बाहेर चिकटवलेला कागद इथल्या पावसाळ्यात सुटतोच. कुठून आणि कधी आणला हे ज्या नमुन्यावर नाही, त्याचा संशोधनाला जवळजवळ उपयोग नसतो. जुनी चिठ्ठी टाकू नका, नवी तिच्या शेजारी घाला. नक्कल करताना आकडा चुकला तर तपासायला मूळच लागते. शिवाय तिच्यावर सरांचं अक्षर आहे, आणि मला तेवढं कारणही पुरेसं आहे.

केबिन रिकामी करायची सूचना लवकरच येते. त्याआधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि नमुने डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढवून घ्या. नोंद नसलेली बरणी कोणीही भंगारात काढू शकतं. नोंद असली की निर्लेखनाला, म्हणजे यादीतून काढून टाकायला, सह्या लागतात. विभागात पुढे बघणारं कोणी नसेल, तर मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेला संग्रह घेता येईल का, ते विचारा.

वह्यांमध्ये सांकेतिक खुणा असतात. सरांच्या वहीत ‘वि-२ डावा’ असं पानोपानी होतं. विद्यार्थ्यांना अर्थ लागेना. शेवटी ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातल्या होडीवाल्या नाखवांना विचारलं. त्यांनी जागा जाऊन दाखवली: विटाव्याच्या बाजूचा दुसरा थांबा, डाव्या काठाला, तिवरांच्या मुळांशी. म्हणून नुसत्या शास्त्रज्ञांना विचारू नका. होडीवाले, शिपाई, चहावाले, सगळ्यांना विचारा, आणि लवकर विचारा. घरचा लॅपटॉप वहिनींना सवड होईल तेव्हाच मागा, आणि त्यांच्यासमोर फक्त कामाच्या फायली उतरवून घ्या.

अर्धा राहिलेला शोधनिबंध पुरा करता येतो. दिवंगत लेखकाचं नाव काढायचं नसतं. घरच्यांची लेखी संमती घ्या, संपादकांना कळवा, नावापाशी खूण करून निधनाची तारीख तळटीपेत द्या. त्यांनी काय केलं आणि बाकीच्यांनी नंतर काय केलं, हे वेगळं लिहा. त्यांनी न काढलेला निष्कर्ष त्यांच्या तोंडी घालू नका. पीएचडीचे विद्यार्थी असतील तर मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज विद्यापीठात लगेच जाऊ द्या. मुलं दुःखात गप्प बसतात आणि मुदती निघून जातात.

शोकसभेबद्दल एवढंच, की ‘मनमिळाऊ, हसतमुख’ हे कुणालाही लागू पडतं. प्रत्येकानं सरांकडून शिकलेली एक गोष्ट सांगावी. मी चिखल धुवायच्या चाळणीवर पाणी कसं सोडायचं ते सांगितलं: धार जोरात सोडली की कृमी तुटतात.

दरवर्षीची आठवण आम्ही खाडीवर करतो, आणि तारखेनं नाही, तिथीनं. त्याला कारण आहे. तारीख धरली तर दरवर्षी पाण्याची वेळ वेगळी येते. तिथी धरली की भरती-ओहोटी जवळपास त्याच वेळेला सापडते. नाखवांचा हिशेब सोपा: तिथीला पाऊणनं गुणा, बारानंतर तेवढ्या तासांनी भरती. सर मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला गेले. म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास, ओहोटी त्याआधी सहा तास. खाडीत आतवर पाणी थोडं उशिरा हलतं, त्यामुळे सकाळी आठला चिखल उघडा मिळतो. भरतीच्या कोष्टकाशी एकदा ताडून घ्या. त्या दिवसांत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगोही, आलेले असतात. जायच्या आधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारा. खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, त्यामुळे परवानगीशिवाय मूठभर चिखलही उचलायचा नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना न्या. निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे दाखवा, त्यांची बिळं दाखवा. सर मुलांना आधी पाच मिनिटं गप्प उभं करायचे, मगच बोलायला लागायचे. आम्हीही तसंच करतो.

हार-पुष्पचक्राला जमलेले पैसे उरतात. त्यांची तसबीर एकच पुरे. बाकीच्या पैशांतून चिखलात चालायचे रबरी बूट घ्या, वेगवेगळ्या मापांचे, मुलींच्या मापाचेही. आणि ज्या विद्यार्थ्याला होडीचं भाडं परवडत नाही त्याचं भाडं भरा. पावती विभागाच्या फाइलला लावा, म्हणजे पुढच्या वर्षी मागताना अडचण येत नाही.