बिल्डची रीडमी लिहिताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात महाप्याच्या आमच्या ऑफिसात एक मुलगी नव्याने रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने रीडमी (प्रोजेक्ट कसा चालू करायचा ते सांगणारी फाइल) उघडून त्यातली कमांड चालवली आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं काम, फेल झाला. विचारायला बिचकली असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहज तिच्याशेजारी जाऊन बसलो, तेव्हा कारण दिसलं: रीडमीत ‘जावा टाकून घ्या’ एवढंच लिहिलेलं. लिहिणारा मीच.

तिने सरळ जावा 21 टाकलं होतं. आमचा ग्रेडल (बिल्ड करणारं साधन) 7.4, आणि जावा 21 वर चालायला ग्रेडल किमान 8.5 लागतो. स्क्रीनवर काय, तर ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’. यातला 65 म्हणजे जावा 21 आणि 61 म्हणजे जावा 17, हे ठाऊक असलेल्याचं काम दोन मिनिटांत होतं. नसलेल्याचा दीड दिवस जातो. रॅपर (प्रोजेक्टसोबतची ग्रेडलची छोटी स्क्रिप्ट) आहे ना, मग चिंता कशाला, असं मलाही वाटायचं. पण रॅपर ग्रेडलची ठरलेली आवृत्ती उतरवून घेतो, जावा आणून देत नाही. तेव्हा जावाच्या आवृत्तीचा आकडा लिहा, आणि ती एररही जशीच्या तशी रीडमीत टाका. अडलेला माणूस एररचेच शब्द शोधतो, तुमचे मथळे नाही.

याच्या मुळाशी एक जुनी खोड आहे: आपल्या लॅपटॉपकडे बघून लिहायचं. तिथे मेव्हनच्या (जावाचं आणखी एक बिल्ड-साधन) डॉट-एम-टू फोल्डरात सगळ्या लायब्ररी आधीच उतरलेल्या असतात, सेटिंग्जमध्ये पासवर्ड भरलेला असतो. घणसोली स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला ‘आपल्या नेहमीच्या टपरीवरून डावीकडे वळ’ सांगण्यातला प्रकार! रिकाम्या कंटेनरमध्ये (आधी काहीच न टाकलेल्या, वेगळ्या वातावरणात) रीडमीतल्या कमांड वरपासून खालपर्यंत चालवून बघा. जमल्यास सीआयमध्येच (कोड बदलला की आपोआप तपासणी चालवणारी यंत्रणा) तसा जॉब लावा, म्हणजे रीडमी शिळी झाली की मशीनच बोंब मारेल.

शिळेपणाचं म्हणाल तर उदाहरणं ढिगाने सापडतात. लायब्ररी जोडायला जुन्या लेखातून उचललेलं ‘कंपाइल’ ग्रेडल 7 पासून चालत नाही, तिथे ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहावं लागतं. मेव्हन सेंट्रल या जावा लायब्ररींच्या सार्वजनिक भांडाराने 15 जानेवारी 2020 पासून साधं एचटीटीपी बंद केलं. जुना पत्ता ठेवलात तर 501 हा एरर मिळतो. सी आणि सी++ साठीच्या सीमेक या बिल्ड-साधनाच्या 4.0 ने 3.5 च्या आधीची सुसंगतता काढून टाकली, त्यामुळे किमान आवृत्ती 2.8 लिहिणारी कितीतरी ट्युटोरियलं आता पहिल्याच ओळीला आपटतात.

मेकफाइल (मेक या जुन्या बिल्ड-साधनाची फाइल) मात्र विकीवर किंवा वर्डमध्ये चिकटवू नका. मेक 1976 सालचा, आणि रेसिपीच्या (चालवायच्या कमांडच्या) ओळीआधी टॅब हवा हा त्याचा हट्ट अजून कायम आहे. चिकटवताना टॅबच्या जागी स्पेस येतात आणि ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून तो थांबतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. कॅट कमांडला मायनस ई-टी लावून फाइल बघा. टॅबच्या जागी टोपीवाला आय (^I) दिसला नाही, तर दोष तिथेच आहे.

आता नव्या माणसाचा पहिला दिवस रीडमीवरच जातो. कीबोर्ड त्याच्याकडे, मी बाजूला गप्प. अडला की तोच ओळ दुरुस्त करून कमिट करतो. त्या मुलीने तेव्हा आणखी एक चूक काढली होती: व्हीपीएन चालू करा, हे मी सातव्या पायरीवर लिहिलेलं; ते लागत होतं दुसऱ्याच पायरीला.