सर्पदंशाच्या सराव-प्रसंगाची तयारी

मॅनिकिनचे, म्हणजे रुग्णाच्या जागी वापरायच्या सराव-पुतळ्याचे, बटण दाबण्याआधी प्रसंग कागदावर उतरलेला असावा आणि शक्यतो तो इथलाच असावा. कोल्हापूरच्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी उसाच्या फडात पायाला साप चावलेली, पापण्या मिटू लागलेली आणि बोलताना अडखळणारी तोडणी कामगार बाई हा रुग्ण योग्य ठरेल. तिचे ऑक्सिजन सॅच्युरेशन कितव्या मिनिटाला उतरेल, अँब्यू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) श्वास दिल्यावर किती वर येईल आणि प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचे औषध) सुरू झाल्यावर अंगावर गांधी उठून रक्तदाब कधी पडेल, हे मॉनिटर चालवणाऱ्याकडे लेखी असावे. उद्दिष्टे दोन किंवा तीनच ठेवावीत.

ट्रॉलीत प्रतिसर्पविषाच्या 10 सराव-कुप्या आणि निर्जंतुक पाणी ठेवावे. पूड विरघळेपर्यंत कुपी घुसळायची नसून हलकेच फिरवायची असते, आणि 10 कुप्या तयार करताना किती हात अडकतात हे प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘औषध दिले’ असे नुसते तोंडी म्हणू देऊ नये. अ‍ॅनाफिलॅक्सिससाठी (जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी) अ‍ॅड्रिनालिन 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यायचे असल्याने त्याचा सराव-अँप्यूल व योग्य सिरिंज हाताशी असावी. रक्त गोठण्याच्या चाचणीची नळी काचेची, कोरडी आणि स्वच्छ हवी, प्लॅस्टिकची चालत नाही; 2 मिली रक्त तीत 20 मिनिटे न हलवता ठेवायचे असते, आणि सरावात ही वेळ आखडणार असाल तर तसे आधीच सांगावे. ऑक्सिजन, सक्शन (घशातील स्राव ओढून काढणारे यंत्र) आणि लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहण्याच्या उपकरणाचा) दिवा आदल्या दिवशी तपासावा.

भूमिका वाटताना सूचना पूर्ण शब्दांत द्यायला शिकवावे. आपल्याकडे बंद पडलेले हृदय चालू करण्याच्या उपचाराला नुसते ‘सीपीआर’ म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच डोळ्यांसमोर येते, तेव्हा ‘छातीवर दाब सुरू करा’ हेच बरे. दाब मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, आणि दर 2 मिनिटांनी माणूस बदलणे, हे नोंदणाऱ्याच्या तक्त्यावर असावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र नंतरच्या चर्चेला राखून ठेवावा. प्रसंग 15 मिनिटांचा असेल तर चर्चेला निदान अर्धा तास द्यावा. तिथे ‘कुणाचे चुकले’ असे न विचारता ‘त्या क्षणी तुम्हाला काय दिसले’ असे विचारावे, आणि चित्रीकरण केले असल्यास ते वर्गाबाहेर जाणार नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट करावे. प्रत्येक कुपीवर ‘फक्त सरावासाठी’ अशी चिठ्ठी लावून शेवटी त्या मोजूनच कपाटात ठेवाव्यात, कारण त्यांतली एखादी चुकून वॉर्डच्या ट्रॉलीत गेली तर ती खऱ्या रुग्णापर्यंत पोहोचू शकते.