रानातली झुरळं पकडायची सोपी ट्रिक

झुरळांच्या साडेचार हजारांच्या वर जाती आहेत आणि घरात घुसणाऱ्या त्यातल्या जेमतेम 30, बाकी बरीचशी पालापाचोळ्यात नि कुजक्या लाकडात राहतात, म्हणून पाळून अभ्यास करायचा असेल तर तिकडेच शोधा. काचेची बरणी तोंडापर्यंत जमिनीत पुरा, काठ मातीच्या अगदी लेव्हलला हवा, बोटभर जरी वर राहिला तरी झुरळ वळसा घालून जातं. आतून वरच्या दोन बोटं पट्ट्यात व्हॅसलिनचा पातळ थर द्या म्हणजे चढता येत नाही, तळाला थोडा पाला आणि पिकलेल्या केळ्याचा तुकडा, वर पावसासाठी दगडांवर टेकवलेली फळी. सकाळी लवकर चेक कराच, उन्हात बरणी तापली की बिचारी मरतात. रात्री हाताने पकडायची तर लाल टॉर्च वापरा, लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. ओंडका उलटला तर परत होता तसाच ठेवा, ते कुणाचं तरी घर आहे. पंख नसलेलं दिसलं म्हणजे पिल्लूच असं नाही, काही जातींच्या माद्यांना मोठेपणीही पंख नसतात. डब्यावर तारीख आणि जागा तिथेच लिहा. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय नको.