टाके बरोबर, तरी चौकोन वाकडा: वेगवेगळ्या विणी एकत्र करताना या चुका टाळा

क्रोशाच्या ब्लँकेटसाठी स्वतःचा चौकोन रचायला घेतला की आवडत्या सगळ्या विणी त्यात घालाव्याशा वाटतात. खाली चटईची वीण, मध्ये बॉबलची (फुगीर गोळ्यांची) ओळ, वर शेल (शिंपल्यासारख्या कमानींची वीण). टाके मोजावेत तर बरोबर, एकही सुटलेला नाही, आणि तरी चौकोन खाली आवळलेला आणि वर पसरलेला निघतो. असे बरेच चौकोन मी उसवले आहेत. बिघाड बहुतेक वेळा दोन विणी जिथे भेटतात तिथेच सापडला. टाके सारखे म्हणजे रुंदीही सारखी, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

त्याआधी नावांचा घोळ मिटवून टाकू. विणी वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केल्या असतील तर प्रत्येक नमुना अमेरिकन पद्धतीचा आहे की ब्रिटिश, हे आधी पाहा. अमेरिकन नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ म्हणजेच ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’, आणि अमेरिकन ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. हे नजरेतून सुटलं तर एक पट्टा हवा त्याच्या दुप्पट उंच होतो आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही. मी इथे आपलेच शब्द वापरते: सुईवर दोरा न घेता घातलेला तो मुका खांब, एकदा दोरा घेऊन घातलेला तो खांब.

रुंदी टाक्यांवर ठरत नाही

चटईच्या विणीत खालच्या ओळीतल्या खांबांना पुढून किंवा मागून वेढून खांब घालतात. त्यामुळे कापड जाड होतं आणि आडवं आवळतं. जाळीची वीण याच्या उलट, ती पसरते. माझ्या हाताला एका मध्यम जाडीच्या लोकरीत ३६ मुके खांब ३० सें.मी. भरले, तर तेवढ्याच टाक्यांची चटई जेमतेम २६ सें.मी. चार सेंटिमीटरचा फरक बॉर्डरने झाकला जात नाही. मी तो झाकायचा प्रयत्न केलेला आहे.

म्हणून प्रत्येक विणीचा वेगळा छोटा तुकडा आधी विणून पाहा, निदान १५ सें.मी. चा. मोजताना कडा सोडून मधले १० सें.मी. घ्या, कारण कडेचे टाके नेहमी थोडे वेगळे बसतात. मग हिशोब सोपा आहे. २६ सें.मी. ला ३६ टाके लागतात, तर ३० ला साधारण ४२. म्हणजे चटई सुरू करण्याआधी सहा टाके वाढवायचे आणि संपल्यावर ते कमी करायचे.

हे वाढवणं-घटवणं विणीच्या आत करू नका, नक्षी मोडते. दोन विणींच्या मध्ये मुक्या खांबांची एक साधी ओळ घाला आणि सगळा बदल तिच्यात करा. ३६ चे ४२ करताना दर सहाव्या टाक्यात दोन मुके खांब. परत येताना पाच साधे, मग पुढचे दोन एकत्र, असं शेवटपर्यंत. बदल असा सारखा वाटला गेला की डोळ्याला दिसतच नाही. या ओळीचा आणखी एक उपयोग म्हणजे पुढची वीण सपाट पायावर उभी राहते. शेलच्या कमानींवर थेट चटई सुरू केली तर पहिल्या दोन ओळी वेड्यावाकड्या बसतात.

फरक एक-दीड सेंटिमीटरचाच असेल तर टाके बदलायची गरज नाही. तेवढ्या पट्ट्यापुरती अर्धा मिलिमीटर जाड किंवा बारीक सुई घ्या.

पटीचा हिशोब

प्रत्येक विणीला तिची पट असते, म्हणजे टाके ठरावीक आकड्याच्या पटीतच असावे लागतात. पाच खांबांच्या साध्या शेलला ६ ची पट अधिक १ लागतो, तीन-तीनच्या चटईला ६ ची पट, एक मुका खांब आणि एक साखळी अशा मॉस विणीला बहुतेक नमुन्यांत सम संख्या. पायाला ३६ टाके घेतले तर २, ३, ४, ६ आणि १२ या सगळ्या पटी त्यात बसतात, म्हणून मला ही संख्या फार आवडते. शेलसाठी लागणारा एक जास्तीचा टाका मधल्या साध्या ओळीत मिळवायचा आणि नंतर तिथेच घालवायचा. एखाद्या विणीची पट ८ ची असेल तर ओढूनताणून बसवू नका. २४ किंवा ४८ वर वेगळा चौकोन रचा.

चौकोनाचा समलंब होतो तेव्हा

बाजू तिरक्या जाऊ लागल्या की बहुतेक वेळा वळणाच्या साखळ्यांनी घात केलेला असतो. खांबांच्या ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या सहसा एक टाका म्हणून धरतात. मुक्या खांबांच्या ओळीची एक साखळी धरत नाहीत. एकाच विणीत हात सवयीने चालतो, पण विणी बदलताना सवयच फसवते. खांबांच्या ओळीत तीन साखळ्यांनंतर पहिला टाका सोडायचा, आणि पुढच्या ओळीच्या शेवटी त्या साखळ्यांच्या टोकात टाका घालायचा. मुक्या खांबांच्या ओळीत मात्र अगदी पहिल्या टाक्यापासून सुरुवात. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा. वीण बदलल्यानंतरच्या दोन ओळी तरी मोजाच.

मधून बाहेर विणताना

मध्यापासून फेऱ्यांनी वाढणाऱ्या चौकोनाचं गणित निराळं आहे. खांबांच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब घातले की फेरीला १६ खांब वाढतात. मुक्या खांबांच्या फेरीत कोपऱ्यात तीनच मुके खांब घालतात, म्हणजे वाढतात ८. कारण उंचीत आहे: खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून त्याच्या फेरीने चौकोनाचा घेर जास्त वाढतो आणि टाकेही जास्त लागतात. खांबांच्या फेऱ्यांवरून मुक्या खांबांवर येताना कोपरे तसेच ठेवले तर कडेला लहरी पडतात. उलट बाजूने गेलात तर चौकोन वाटीसारखा आत वळतो. लहरी म्हणजे टाके जास्त, वाटी म्हणजे टाके कमी. ही खूण लक्षात असली की उसवायला कुठवर जायचं ते लगेच कळतं.

बॉबलबद्दल थोडंसं. बॉबल विणणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला फुगतो, म्हणून तो उलट बाजूच्या ओळीत घालायचा. मधल्या साध्या ओळी मोजून ठेवल्या नाहीत तर ऐन बॉबलच्या वेळी सुलट बाजू समोर येते. अशा वेळी आणखी एक साधी ओळ घाला. चुकून उलटा फुगलेला बॉबल पुष्कळदा बोटाने दाबून पलीकडे काढता येतो. बॉबलला लोकरही खूप लागते, तेव्हा एकाच वेळी रंगवलेले (एकाच डाय-लॉटचे) गुंडे आधीच जास्त घेऊन ठेवा. आणि मोठ्या भोकांची जाळी तान्ह्या बाळाच्या ब्लँकेटला घालू नका, बोटं अडकतात.

कड आणि शेवट

सगळ्या विणी एका मापात आणायची शेवटची संधी कडेच्या मुक्या खांबांत असते. उभ्या बाजूने मुक्या खांबाच्या ओळीला एक आणि खांबाच्या ओळीला दोन टाके, ही सुरुवात. पण खरा नियम वेगळा आहे: चारही बाजूंना ठरलेली संख्या यायलाच हवी, समजा ३६, आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन. ब्लँकेटच्या सगळ्या चौकोनांची ही संख्या एकच असेल तर आतली वीण काहीही असो, जोडताना ओढाताण होत नाही. बाजूचे चार भाग करून प्रत्येकाच्या टोकाला खुणेचा दोरा लावा आणि दर भागात नऊ टाके बसवा.

मग ब्लॉकिंग. खरी लोकर ओली करून, मापाच्या चौकोनावर टाचण्यांनी ताणून वाळवली की आकार धरते. ॲक्रिलिक नुसत्या पाण्याला तितकं दाद देत नाही, त्याला वाफ लागते. पण इस्त्री वरच धरा, टेकवू नका. जास्त उष्णतेने ॲक्रिलिकचे तंतू कायमचे लोळागोळा होतात आणि चटईचा सगळा उठाव बसून जातो. चटई आणि बॉबलच्या भागावर वाफ अगदी हलकी द्या, जाळीच्या भागावर थोडी जास्त, आणि चौकोन पूर्ण थंड आणि कोरडा झाल्याशिवाय टाचण्या काढू नका.